म्युझियममध्ये दरवर्षी व्याख्यान ठेवतो पण ऐकायला माणसंच येत नाहीत, तारीख बदलावी का?

तेरणाकाठची
नमस्कार मंडळी. मी धाराशिव जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे. आमच्या भागातल्या एका छोट्या संग्रहालयाला आम्ही काही हौशी मंडळी मिळून मदत करतो. दरवर्षी १८ मेला, जागतिक संग्रहालय दिनाला व्याख्यान असतं. वक्ते चांगले असतात, लांबून येतात, सातवाहनांपासून यादवांपर्यंत सगळं तळमळीनं सांगतात, पण समोर आयोजकांच्या घरचेच लोक बसलेले असतात. मेमध्ये शाळा बंद, ऊन चाळीसच्या वर, त्यात लाईट गेली की पंखेबी बंद. मला मनापासून वाटतं की आपल्याच शेतातून निघालेले हे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती आपल्या लेकरांनी जवळून बघाव्यात आणि त्यांच्या आईबापांनीबी बघाव्यात. तर तारीख कोणती धरावी, आणि विषय कसा ठेवावा म्हणजे गावातला माणूस आत येईल? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा.

बालाघाटचा_माणूस
ताई, १८ मे सोडूनच द्या. तो दिवस आयकॉम ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७७ मध्ये ठरवला, तो आपल्या उन्हाचा विचार करून ठरवलेला नाही. १८ एप्रिलचा वारसा दिनबी तसाच, लेकरं परीक्षेच्या गडबडीत. आपल्याला सगळ्यात सोयीचा म्हणजे १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह. तोवर दिवाळी झालेली असते, सोयाबीनची रास झालेली, ज्वारी हरभरा पेरून झालेला, शाळा परत भरलेल्या आन थंडी पडायलेली. कार्यक्रम संध्याकाळी पाचला ठेवा, रानातून माणूस घरी येतो त्या वेळेला.

एकच गोष्ट ध्यानात ठेवा. तुमच्याकडून ऊसतोडीला जाणारी घरं जास्त असतील तर नोव्हेंबरात ती लेकरं आईबापासोबत कारखान्यावर गेलेली असतात. त्यांच्यासाठी पोळ्याच्या आसपास एक वेगळा दिवस धराच, नाहीतर दरवर्षी तीच लेकरं राहून जातील.

गोदाकाठ
वरच्या दादांचं पटलं पण मी तर म्हणतो यात्रा धरा. तुमच्याच जिल्ह्यातल्या तेरला चैत्र वद्यात गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची यात्रा भरती, आमच्या पैठणला फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठी. दिंड्या येतात, दर्शन झालं की लोक दुपारभर सावली बघून बसलेले असतात, त्यांना बोलवायला पत्रिका छापायची गरज नाही. त्या दिवशी म्युझियम उशिरापर्यंत उघडं ठेवायचं आणि दोन तासाचं भाषण न ठेवता अर्ध्या अर्ध्या तासाची छोटी बोलणी ठेवायची, एका वेळेला एकच वस्तू.

उदाहरण म्हणून तेरला सापडलेली हस्तिदंताची बाईची मूर्ती घ्या. इटलीत पाँपेई नावाचं शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, तिथं १९३८ साली हिच्याशी जुळणारी भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती निघाली. मग पेरिप्लस नावाचं जुनं ग्रीक पुस्तक काढायचं, त्यात कुण्या ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की तगर, म्हणजे आपलं तेर, पैठणहून दहा दिवसाच्या वाटेवर आहे आणि तिथून कापड, मलमल गाड्यांत भरून रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाती. एवढं ऐकल्यावर वारकरी बाया काचेला चिकटून ती मूर्ती बघतील का नाही सांगा.

आणि वक्ता प्राध्यापकच पाहिजे असं कुठंय? तेरच्या सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती दोन साच्यांत केलेल्या असतात, पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून भाजायच्या. नीट बघितलं तर कडंला जोड दिसतो. हे गावातले कुंभारकाका हातात माती घेऊन लगेच करून दाखवतील. गोरोबाकाकांच्या मुलखात कुंभाराला मान द्यायचा नाही तर कुणाला द्यायचा! मानधनबी त्यांना बाहेरच्या वक्त्याएवढंच द्या, श्रीफळावर भागवू नका.

मांजराकाठ
१७ सप्टेंबर कुणीच कसा घेतला नाही? मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदनासाठी सगळं गाव सकाळी बाहेर असतंच. त्या दिवशी स्वामी रामानंद तीर्थांवर, पोलीस ॲक्शनवर भाषणं होतात, १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा निघाल्या आणि १७ ला निजामानं शरणागती दिली, हे लेकरांना पाठ आहे. पण त्यांच्याच घरात काय झालं ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा दहा वर्षाचं असलेलं माणूस आता नव्वदीच्या घरात आहे हो. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीनं गाव सोडून सोलापूर बार्शीकडं गेलेली घरं आपल्याकडं किती, सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात भाकरी पोचवणाऱ्या बाया होत्या, त्यांची नावं कुठल्या स्तंभावर नाहीत. त्या आज्यांना खुर्चीवर बसवा, समोर नातवंडं बसवा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ते रेकॉर्डिंग नाव, गाव, तारीख टाकून म्युझियमच्या कपाटात जपून ठेवा. हे काम पुढच्या वर्षी करू म्हणायला आता वेळ राहिली नाही.

तेरणाकाठची
खूप खूप धन्यवाद सगळ्यांचे. सप्टेंबरात आज्यांचं रेकॉर्डिंग आणि नोव्हेंबरात कुंभारकाका, हे नक्की करते. एक शंका, कार्यक्रमाला लोक घरात ठेवलेली जुनी नाणी, मणी घेऊन येतात आणि ठेवून घ्या म्हणतात. घ्यायची का?

बालाघाटचा_माणूस
परस्पर घेऊ नका ताई, आणि विकत तर अजिबात नको. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू कलेक्टरला कळवावी लागती. लोकांना भीती घालू नका, नाहीतर ते परत गप्प बसतात आणि वस्तू भंगारात नाहीतर सोनाराकडं जाती. फोटो काढा, कुणाच्या रानात, कोणत्या बाजूला, किती खोल सापडली हे वहीत लिहा, माणसाची सही घ्या आणि अर्ज तहसीलला द्यायला त्याच्यासोबत जा. पाऊस पडून गेल्यावर नांगरलेल्या रानात काय काय वर येतं हे शेतकऱ्याएवढं कुणाला ठाऊक नसतं. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी असंच गावात राहून जमवलेल्या वस्तूंतून तिथलं म्युझियम उभं राहिलं, त्यांच्या नावानंच आहे ते. नोव्हेंबरची तारीख ठरली की इथं टाका, आमच्या शाळेची लेकरं घेऊन येतो.