‘१ कप मैदा’ म्हणजे किती? सपाट, शिगोशीग, हलका भरून

तापीकाठ : दिवाळीसाठी नानकटाईची कृती लिहून द्यायची आहे. मूळ माप ‘२ कप मैदा’. ग्रॅममध्ये काय लिहू? आणि नुसतं ‘सपाट कप’ लिहिलं तर पुरतं का?

मापटं-चिपटं : पुरत नाही. ‘सपाट’वरून एवढंच कळतं की काठावर शीग नाही. आत पीठ कसं गेलं ते कुठे कळतं? कप डब्यात खुपसून भरला आणि सुरीनं काठ सारखा केला, तर २४० मिलीच्या कपात १४० ते १५० ग्रॅम मैदा बसतो. तोच मैदा आधी चमच्यानं मोकळा करून हलक्या हातानं कपात टाकला तर १२० ते १२५. दोन्ही कप सपाटच! दोन कपांत ४०-५० ग्रॅमचा फरक पडतो. तेवढा मैदा वाढला की नानकटाईचा गोळा वळतानाच चिरतो आणि भाजल्यावर ती भुगा होते. तेवढाच कमी पडला तर ट्रेमध्ये पसरून चपटी होते. ‘हलका भरून’ हे शब्द हवेतच. वजन २५० ग्रॅम लिहा.

भडगावकर : क्रियापदही जपून वापरा, भाऊ. नग मोजतात, दाणे-पीठ भांड्यानं मापतात, काट्यावर जोखतात. ‘मोजून घ्या’ लिहिलं की वाचणारी वाटीच उचलते. ‘जोखून’ आजकाल कमी ऐकू येतं, तेव्हा सरळ ‘वजन करून’ लिहावं.

बट्टीवाली : आणि ‘चाळून’ कुठे ठेवता तेही बघा. ‘१ कप मैदा, चाळून’ म्हणजे आधी मापायचा, मग चाळायचा. ‘१ कप चाळलेला मैदा’ म्हणजे चाळून झाल्यावर मापायचा, आणि तो ११०-११५ ग्रॅमच भरतो. ग्रॅम दिले की ही भानगडच राहत नाही. चाळणीनं वजन बदलत नाही, पीठ फुलतं एवढंच.

तापीकाठ : बरं ताई. पण कप नसेल त्या घरी? लगेच विचारतील, ‘वाटी कितली मोठी शे?’

मापटं-चिपटं : वाटीचं माप एकदाच काढून ठेवायचं. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम पाणी तितके मिली. त्याला ०.५२ नं गुणलं की हलका भरलेला मैदा मिळतो. १५० मिलीची वाटी असेल तर ७८ ग्रॅम. कपाचंही तसंच : अमेरिकेचा साधारण २३७ मिली, ऑस्ट्रेलियाचा २५०, आपल्याकडच्या संचात बहुधा २४०. कृती कुठली आहे ते आधी बघा.

भडगावकर : जुन्या वहीत ‘चिपटंभर पीठ’ असेल तर तिथे फसू नका. चार चिपटी म्हणजे शेर, हे खरं. पण तो मापाचा शेर. ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा, तो वजनाचा शेर. त्याला चारानं भागून पिठाचं वजन काढलं तर चुकणारच. चिपटं घरात असेल तर त्यातही पाणी भरून बघा. आणि जुनी मापं शिगेनंही भरत, म्हणजे वर पिठाची टोपी वेगळीच.

बट्टीवाली : ०.५२ सगळ्याला लावू नका. रवा दाबला तरी फारसा बसत नाही, तो कपाला १६५-१७० ग्रॅम. बट्टीचं गहू-मक्याचं जाडं दळण मैद्यापेक्षा जड भरतं, पण बट्टीत दोन चमचे इकडेतिकडे खपतात, कणीक हातानं सैल-घट्ट करता येते. केकला ती सोय नाही. गिरणीतून आत्ताच आणलेलं गरम पीठ फुललेलं असतं, तेच आठवडाभर डब्यात राहिलं की दबून बसतं. वाटी तीच, वजन वेगळं.

तापीकाठ : मग असं लिहितो : ‘मैदा २५० ग्रॅम (२४० मिलीचे २ कप, मोकळा करून हलका भरून, काठाबरोबर).’

मापटं-चिपटं : ठीक. ग्रॅम आधी, कप कंसात, हे बरं केलंत. तुपापुढेही ‘थिजलेलं’ की ‘पातळ’ लिहा. पातळ तूप कपाला २२० ग्रॅमच्या आसपास भरतं, थिजलेल्यात मध्ये पोकळी राहिली की कमी.