प्रतिसाद: अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं आणि जीआयएसचा अभ्यासक्रम

वर विचारलंय की अमेरिकेतलं प्रत्येक कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचे कोर्स चालवणारं स्थानिक कॉलेज) जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याच्या तंत्राचा, आपापला अभ्यासक्रम आखत असेल, तर पोरगा नेमकं काय शिकून आलाय हे नोकरी देणाऱ्याला कळणार कसं? प्रश्न रास्त आहे, आणि त्यावर तिथे बरंच काम झालंय.

2008 मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेच्या पैशातून जीआयएसच्या शिक्षणासाठी जिओटेक सेंटर सुरू झालं, तेही टेक्सासमधल्या डेल मार कॉलेजात. बड्या विद्यापीठात नव्हे, कम्युनिटी कॉलेजातच! मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते. त्यांनी एकच पुस्तक सगळ्यांच्या गळ्यात मारलं नाही. त्याऐवजी डेकम नावाची पद्धत वापरली. तीत रोज हे काम करणाऱ्यांनाच एका खोलीत बसवतात आणि 'तुम्ही दिवसभर करता काय?' हे खोदून खोदून विचारतात. डेटा गोळा करणं, तो साफ करणं, प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) जुळवणं, नकाशा काढणं... त्यातून कामांची यादी निघते, आणि अभ्यासक्रम त्या यादीवरून. 2010 मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने या क्षेत्राचं कॉम्पिटन्सी मॉडेलही, म्हणजे कामाला लागणाऱ्या ज्ञान-कौशल्यांचा आराखडाही, प्रसिद्ध केलं. आपला कोर्स त्याच्याशी ताडून पाहिला की काय राहिलंय ते लगेच दिसतं.

माझ्या मते खरी गोची कागदावर नाही. लहान कॉलेजात जीआयएस शिकवणारा माणूस एकच असेल, तर तो गेला की कोर्सही गेला. म्हणून मला तरी मॉडेलपेक्षा शिक्षकांच्या कार्यशाळा आणि सगळ्यांना वापरता येणारे तयार लॅब-पाठ जास्त मोलाचे वाटतात.