महालातल्या गल्लीत सात मजली फ्लॅट स्कीम पाहिजे का?

महालवाला
आमच्या गल्लीतला एक जुना वाडा पाडून तिथे खाली पार्किंग आणि वर सहा मजले अशी फ्लॅट स्कीम येऊन राहिली, बोर्ड पण लागला. मी याच्या विरोधात आहे. घरं बांधायच्या विरोधात नाही, या जागी या आकाराच्या स्कीमच्या विरोधात आहे. महाल म्हणजे नागपूरकर भोसल्यांची राजधानी, पण त्यांचा राजवाडा १८६४ च्या आगीत गेला, नगारखाना तेवढा राहिला. त्यामुळे त्या काळचं नागपूर पाहायचं तर ते या गल्ल्यांमधल्या वाड्यांत आणि देवळांतच पाहावं लागतं, दुसरीकडे कुठे नाही. गांधी गेटमधून आत या आणि बडकस चौकाकडे चालत जा, अजूनही ओटे, सागवानी खांब, कोरीव सज्जे, वर कवेलूची छपरं दिसतात आणि सगळं दोन-तीन मजल्यांत. मधेच सात मजली उभी झाली की आजूबाजूच्या चार घरांचा उजेड-वारा गेला.

आणि उंचीपेक्षा मला जास्त खटकतो तो तळमजला. स्टिल्ट पार्किंग म्हणजे रस्त्याच्या तोंडावर लोखंडी गेट आणि मागे गाड्या. जिथे ओटा होता, किराणा दुकान होतं, म्हातारी माणसं संध्याकाळी बसत होती, तिथे कोणीच नसणार. अशा पाच-सहा स्कीमा झाल्या की गल्ली फक्त गाड्या काढायपुरती उरते.

वाड्यातली_सून
दादा, तुम्ही रस्त्यावरून पाहून राहिले, आम्ही अशाच दुसऱ्या वाड्यात आत राहतो. तुळईला वाळवी लागली. कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मागेल ते द्यावं लागतं. सिमेंट रोड झाला तेव्हापासून रस्ता वर आणि आमची ओसरी खाली, जोराचा पाऊस झाला की नालीचं पाणी सरळ घरात. सासूबाई ऐंशीच्या आहेत, रात्री संडासला चौक ओलांडून जातात. वारस अकरा, निम्मे पुण्याला नाहीतर हैदराबादला, दुरुस्तीला एक रुपया कोणी काढत नाही पण हिस्सा सगळ्यांना पाहिजे. दोन भाडेकरू आहेत, भाडं महिन्याला चारशे रुपये, कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ म्हणजे सोळा रुपये. त्यात एक खिडकी तरी दुरुस्त होते का सांगा. बिल्डर सगळ्यांना फ्लॅट देतो म्हणतो. आम्ही काऊन नाही म्हणायचं?

साईट_इंजिनिअर
ताईंचं बरोबर आहे. महालवाला भाऊ, तुमची भावना कळते पण हिशोब मांडा न. अकरा वारस, दोन भाडेकरू, म्हणजे १३ फ्लॅट विकायच्या आधीच गेले, मग तीन मजल्यांत बिल्डर विकणार काय? पार्किंग दाखवलं नाही तर नकाशा मंजूर होत नाही, म्हणून स्टिल्ट येतो, कोणाला हौस नाही. आणि दुसरं, जुन्या भागात घरं बांधू दिली नाहीत तर माणसं बेसा, मनीषनगरकडेच जातील, तिकडची शेतं जाऊनच राहिली आहेत. इथे बाजार आहे, शाळा आहे, चितारओळीला मेट्रो आहे. माणसं इथे राहिली तर शहराचं भलंच आहे.

जुनी_शुक्रवारी
माणसं राहावीत म्हणूनच तर बोलून राहिलो. काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला मोठा पुतळा, १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, दरवर्षी तान्ह्या पोळ्याला इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते, बायापोरं ओट्यावर आणि सज्ज्यात उभी राहून पाहतात. बंद गेटासमोरून मिरवणूक नेली तर ती कोणाला दाखवायची? दुसरं म्हणजे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, तेव्हा जाड भिंतीच्या वाड्यात चौकाच्या बाजूच्या खोल्यांत दुपार निघते. सहाव्या मजल्यावर स्लॅबखाली राहून पाहा.

वाड्यातली_सून
मारबत वर्षातून एक दिवस असते. पाणी आमच्या घरात अख्खा पावसाळा येतं.

महालवाला
ताई, तुमच्या पाण्याचं दुखणं खरं आहे, आणि रस्ता घराच्या वर नेऊन ठेवला तो दोष वाड्याचा नाही. त्याच रोडवर नवीन स्कीमच्या पार्किंगमधे पण पाणी भरेल. इंजिनिअर भाऊंच्या हिशोबाला माझं उत्तर असं आहे की सगळा पैसा त्याच प्लॉटवर उभा करायची जबरदस्ती का? अहमदाबादच्या पोळांमधे, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्यांच्या वस्तीत, लाकडी घरांच्या मालकांना टीडीआर मिळतो, म्हणजे जो एफएसआय (प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते तेवढं बांधकाम) तिथे वापरायचा नाही तो शहरात दुसरीकडे बांधणाऱ्याला विकायचा आणि त्या पैशात घर सावरायचं. २०१७ मधे युनेस्कोने त्या शहराला जागतिक वारसा शहर म्हटलं, पोळांमधली नांदती वस्ती हेही त्यातलं एक कारण. आपल्याकडे पण महापालिकेची हेरिटेज कमिटी आहे, वारसा यादीतल्या वास्तूंना ग्रेड आहेत. मग अख्ख्या गल्लीसाठी नियम करा. रस्त्याकडची बाजू, ओटा आणि शेजारच्या घरांइतकी उंची ठेवा, मधला चौक राखा, मागच्या पडक्या भागात नवीन तीन-चार मजले पक्के बांधा, संडास-बाथरूम प्रत्येक घराला आत द्या. आणि ज्या गल्लीत अग्निशमनची गाडी वळत नाही तिथे पार्किंगच्या अटीत सूट देऊन दोन-तीन वाड्यांसाठी मिळून चौकाजवळ पार्किंग करा. वाडा जसाच्या तसा काचेत ठेवा असं मी म्हणत नाही.

साईट_इंजिनिअर
हे चालेल, पण टीडीआर विकत घेणारा पाहिजे, भाव पडला की मालक लटकला. अकरा सह्या घेऊन मालक महापालिकेत चकरा मारत बसेल, तोवर बिल्डर दुसरीकडे गेलेला असेल. आणि यादीत नाव आलं की वाड्याची किंमत पडते या भीतीनेच लोक रातोरात भिंती पाडतात, मी साईटवर पाहिलं आहे.

जुनी_शुक्रवारी
म्हणूनच पैसे आधी आणि यादी नंतर असं पाहिजे. छपराच्या दुरुस्तीला महापालिकेने थेट मदत द्यावी, मालमत्ता करात सूट द्यावी, मग कोणी यादीला घाबरणार नाही.

वाड्यातली_सून
मला वाडा आवडत नाही असं नाही. लग्न होऊन आले ते याच चौकात. पण टोकनची बोलणी दिवाळीनंतर आहेत आणि दिरांना कागदावर आकडा लागतो. टीडीआरचा आजचा भाव, मागचा भाग बांधायचा खर्च, आणि अकरा जणांना काय मिळेल, एवढं लिहून आणा. इंजिनिअर भाऊ, तुम्ही पण या मोजमापाला. नाही जमलं तर मी सही करणार, आधीच सांगते.

महालवाला
रविवारी सकाळी टेप घेऊन येतो. भाडेकरूंनाही बसवा, त्यांचं घर त्यात मोजलं पाहिजे.