तुकडीत पाच जण, पण पाचही एकाच सुरात बोलतात. काय करावं?

अंधारी_गेम्स:
मंडळी, गोडो ४ या गेम इंजिनवर साय-फाय शूटर चाललाय. दोनशे वर्षांनंतरचा काळ, जायकवाडीचं पात्र कोरडं ठाक, आणि देवगिरीच्या पोटात परग्रहावरच्या यंत्रांनी ठाण मांडलेलं. खेळाडू तुकडीचा प्रमुख. सोबत पाच जण: दगडू (मशीनगन), सुमन (नेमबाज), इम्रान (स्फोटकं), रुक्मिणी (वैद्यक), तानाजी (यंत्रं फोडणारा).

प्रत्येकाची दोन पानी पूर्वकथा लिहून डेटापॅडवर ठेवलीय. मोहिमेआधी दीड-दोन मिनिटांचा कटसीनही (नुसता बघायचा प्रसंग) आहे. तरी खेळून पाहणाऱ्यांना नावं आठवत नाहीत, ‘तो मशीनगनवाला’ आणि ‘ती हिरवी’ एवढंच. दुसरी कटकट म्हणजे लढाई पेटली की सगळे एकदम बोलतात, आणि शेवटचं यंत्र पडून सगळं शांत झाल्यावर कोणीतरी ‘ग्रेनेड!’ म्हणून ओरडतं. लिहिण्यात चुकतंय की कोडमध्ये?

खाम_काठ:
दोन्हीकडे. आधी दोघांना घरी पाठवा. खेळाडू धरून चार, बस.

‘स्टार वॉर्स: रिपब्लिक कमांडो’ (२००५) काढून बघा. डेल्टा तुकडीतले चौघेही एकाच माणसाचे क्लोन, वर हेल्मेट, म्हणजे चेहऱ्याचा प्रश्नच मिटला. तरी थोडं खेळलं की स्कॉर्च कोण नि सेव्ह कोण हे विचारावं लागत नाही. चिलखतावरचा रंग वेगळा: फिक्सर हिरवा, स्कॉर्च पिवळा, सेव्ह लाल. बोलण्याची तऱ्हा वेगळी: फिक्सर नियमावर बोट ठेवतो, स्कॉर्चची टिंगल थांबत नाही, सेव्ह तुटक बोलतो आणि मारलेले मोजत बसतो. पूर्वकथा म्हणाल तर नावापुरती.

तुमची दोन पानं वाया नाहीत, पण ती तुमच्यासाठी आहेत, खेळाडूसाठी नाहीत. त्यातून प्रत्येकाची एकच सवय उचला आणि ती हातापायात उतरवा. उदाहरणार्थ ३० गोळ्यांचं मॅगझिन. सुमन १२ उरल्या की बदलते. दगडू शेवटची गोळी उडेपर्यंत बदलतच नाही, म्हणजे ऐन दारात रिकामा होतो आणि सुमनला त्याला आड द्यावी लागते. चार वेळा असं घडलं की खेळाडू स्वतःच दगडूच्या पुढं जाऊन उभा राहायला लागतो. इथं एकही संवाद खर्च झालेला नाही.

हुकूम ऐकण्याची तऱ्हाही अशीच वेगळी ठेवा. सुमन काही न बोलता निघते, इम्रान ‘हौ’ म्हणून निघतो, दगडू आधी एक शब्द कुरकुरतो. फक्त बटण दाबल्या क्षणी टिक असा आवाज आणि जमिनीवर खूण हवीच. कुरकुरीपायी हालचालीला सेकंदभर उशीर झाला तर खेळाडूला वाटतं बटण लागलंच नाही. तो पुन्हा दाबतो, हुकूम रद्द होतो आणि शिव्या दगडूला पडतात.

आता तो उशिराचा ‘ग्रेनेड!’. तुम्ही संवाद रांगेत लावताय. रांग काढून टाका. प्रत्येक संवादाला प्राधान्य आणि मुदत द्या:

ग्रेनेड सगळ्यात वर, मग साथीदार पडला, मग हुकुमाला उत्तर, मग शत्रू दिसला, मग शत्रू मारला, आणि तळाला रिकाम्या गप्पा. वरचा आला की खालचा मधेच तोडायचा. अर्ध्या सेकंदात वाजायला जागा मिळाली नाही तर तो संवाद फेकून द्यायचा, नंतर वाजवायचा नाही. कोणत्याही दोन संवादांत किमान २ सेकंद, एकाच माणसाच्या दोन संवादांत ६ ते ८, एकाच प्रसंगाच्या दोन संवादांत १५ ते २०. ग्रेनेड आणि पडलेला साथीदार यांना ही अंतरं लागू नाहीत.

लढाईतला संवाद एक ते चार शब्दांचा, सव्वा सेकंदाच्या आत. ‘सावध राहा, त्यांनी आपल्या दिशेने ग्रेनेड फेकला आहे’ हे ऐकून होईपर्यंत तो फुटलेला असतो.

मांजरा_तीर:
वरच्या आकड्यांना हरकत नाही. पण नुसत्या सवयींवर माणूस उभा राहत नाही, त्याच्यासोबत वेळ काढावा लागतो. ‘हेलो: रीच’ची (२०१०) बांधणी बघा. नोबल तुकडीत खेळाडू धरून सहा जण, तरी बाकीचे पाचही जण कायम सोबत देत नाहीत. स्वोर्ड बेसवर मुख्यतः कॅट, रात्रीच्या मोहिमेत जून, अंतराळातल्या मोहिमेत जॉर्ज. एका मोहिमेत एकच माणूस मनात बसवतात. तुम्ही पाचही जणांना पहिल्याच दारात उभं केलंय, मग कोण लक्षात राहणार?

त्यातलं फसलेलंही सांगतो. लढाईत नोबलच्या साथीदारांना काही होत नाही, कितीही मारा. मग कटसीनमध्ये कॅट एका गोळीत जाते. मला ते मरण आवडतं, कारण पूर्वसूचना नाही, शेवटचं भाषण नाही. पण जो माणूस खेळात अमर आहे तो पडद्यावर एका गोळीत जातो तेव्हा काहींचा विश्वास उडतो, आणि त्यांचंही खरंच आहे. यावर उपाय म्हणजे साथीदार खेळातही पडू द्या, २० ते ३० सेकंदांत उचलता येऊ द्या. पडणं ओळखीचं झालं की एके दिवशी न उठणं पटतं.

खाम_काठ:
मान्य. भर एवढीच की साथीदारांचा नेम मुद्दाम कमी ठेवा. एकूण माऱ्यातला चौथा हिस्सा त्यांचा पुरे. त्यांनी खोली साफ केली तर खेळाडू प्रेक्षक होतो, आणि काहीच केलं नाही तर ओझं वाटतात. दारात अडून उभा राहणारा साथीदार मात्र सगळ्यात वाईट. खेळाडूचा धक्का लागताच त्यानं बाजूला सरकलंच पाहिजे, नाहीतर त्याचा स्वभाव म्हणजे ‘दार अडवणारा’ एवढाच उरतो.

पिक्सेल_पैठणी:
संवाद निवडण्याबद्दल. प्रसंग आला की यादीतून कोणताही एक उचलायचा, असं करू नका. व्हॉल्वने ‘लेफ्ट ४ डेड’साठी (२००८) नियमांची पद्धत वापरली. खेळाची स्थिती म्हणजे तथ्यांची एक वही. प्रत्येक संवादाला काही अटी. ज्याच्या सगळ्या अटी जुळतात आणि ज्याच्या अटी सगळ्यात जास्त, तो वाजतो. असं:

प्रसंग: रीलोड, कोण: दगडू → ‘भरतोय!’
प्रसंग: रीलोड, कोण: दगडू, जागा: दार → ‘सुमे, दार बघ!’
प्रसंग: रीलोड, कोण: दगडू, जागा: दार, सुमन: पडलेली → ‘दार… कोण बघतंय?’

तिसरा संवाद अख्ख्या खेळात एकदाच वाजेल, कदाचित वाजणारही नाही. ज्याला ऐकू येईल तो विसरणार नाही. गोडोमध्ये यासाठी वेगळं काही लागत नाही. तथ्यांच्या वहीसाठी डिक्शनरी, नियमांचा ॲरे (यादी), अटींच्या संख्येवरून उतरता क्रम, पहिला जुळला की थांबा. खेळाच्या सुरुवातीला एकदाच क्रम लावा, दर वेळी नाही.

नेहमीच्या प्रसंगांना माणशी ६ ते ८ पर्याय, क्वचितच्यांना २-३. पिशवीतून काढल्यासारखे वाजवा, म्हणजे सगळे संपल्याशिवाय पुन्हा तोच नको. पिशवी नव्यानं भरताना शेवटचा वाजलेला पहिला येणार नाही एवढं बघा, तिथं हमखास चुकतं.

सवाल-जवाबाच्या जोड्या वेगळ्या लिहा. पहिला बोलला की अर्ध्या सेकंदानं दुसरा, वरचं २ सेकंदांचं अंतर इथं धरू नका. दुसरा पडलेला असेल किंवा १५ मीटरपेक्षा लांब असेल तर पहिल्यानं तोंडच उघडायचं नाही, नाहीतर भिंतीशी बोलल्यागत होतं.

अंधारी_गेम्स:
कळलं. तानाजी आणि रुक्मिणीला कमी करतो. उचलण्याचं काम कोणीही करेल, यंत्रं इम्रान फोडेल. एक शंका: दगडूला लातूरकडचं, सुमनला परभणीचं आणि इम्रानला छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातलं दख्खनी दिलं तर?

मांजरा_तीर:
जरूर द्या, पण मीठ जपून. दगडूच्या प्रत्येक वाक्यात ‘येऊ लालाव, करू लालाव’ घातलं की तो विनोदी पात्र होतो, आणि लातूरचा खेळाडू सगळ्यात आधी उठून जातो. तंग लढाईत बोली पूर्ण सुटू द्या, हुकुमाला उत्तर देताना साधी ठेवा. सुमनचं ‘कामून?’ हुकूम पटला नाही तेव्हाच येऊ द्या. इम्रानचं ‘नक्को’ जपून ठेवा. पूर्ण खेळात तीनदा आलं तरी ते त्याचंच राहील. आणि बोली त्या भागातल्या माणसाकडूनच बोलून घ्या, लिहिलेलं वाचायला लावू नका.

गोधडी_स्टुडिओ:
रेकॉर्डिंगचं थोडं. तिघं, १० प्रसंग, सहा पर्याय म्हणजे १८० संवाद. प्रत्येक तीन पट्ट्यांत घेतला (शांत, तणावात, ओरडून) तर ५४०. एवढं नको. शांत आणि ओरडून एवढंच घ्या, आणि ओरडण्याचं सगळं शेवटी, घसा गेला की पुढचं काही होत नाही. माईक तोंडापासून वीतभर, जरा तिरका. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. भिंतींना गोधड्या लावा. कूलर बंद. मे महिन्यात ते अवघड आहे, म्हणून पहाटे बसा. हेल्मेटच्या रेडिओसाठी ३०० ते ३४०० हर्ट्‌झबाहेरचं कापा, पण मूळ फाईल साफ ठेवा, कापणी इंजिनमध्येच करा.

सबटायटलं गोडो ४ मध्येच ठेवा, त्यात जोडाक्षरं नीट जुळतात. युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या टेक्स्टमेशप्रोत (मजकूर दाखवणारा भाग) ‘स्थिती’ची पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसते.

पिक्सेल_पैठणी:
‘मास इफेक्ट २’ (२०१०) कोणीच काढला नाही? शेवटच्या मोहिमेत कोणाला कोणत्या कामावर धाडता यावर कोण जगतो ते ठरतं. मागं राहून दार धरणाऱ्यांची आतल्या आत सरासरी काढली जाते. निष्ठा मिळवलेले ग्रंट, झाईद, गॅरस ४ धरले जातात, मॉर्डिन, टाली, जॅक १. पाच किंवा जास्त जण मागं असतील तर सरासरी २ च्या खाली गेली की कोणीतरी जातं, आणि पहिला नंबर बहुधा मॉर्डिनचा. आकडे पडद्यावर कुठंच दिसत नाहीत. पण ज्यानं मॉर्डिनशी बोलायला वेळ दिलाय त्याला हा म्हातारा डॉक्टर दार धरणारा नाही हे आधीच कळलेलं असतं.

खाम_काठ:
आणि देवगिरीच आहे तर अंधारीचा, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या वाटेचा, पल्ला वाया घालवू नका. तिथल्या वळणांत शत्रू आपसातच लढून मरायचा असं सांगतात. तुमच्याकडेही तेच ठेवा: दिवे बंद, रंग दिसत नाही, नावं दिसत नाहीत, फक्त आवाज. स्वतःच्या माणसावर गोळी चालू शकते. हा पल्ला मोहिमांच्या निम्म्यात ठेवा, आधी नको. खेळून पाहणाऱ्यांनी तिथं सुमनला आवाजावरून ओळखलं तर बाकीचं जमलं समजा, नाही ओळखलं तर संवाद पुन्हा लिहायला घ्या.

अंधारी_गेम्स:
हे लगेच करतो. शेवटचं: दगडू नवव्या मोहिमेत मरतो. त्याचं हुकुमाचं बटण काढून टाकू की त्या जागी इम्रानला आणू?

मांजरा_तीर:
दोन्ही नको. बटण तिथंच राहू द्या, करडं. दाबलं तर टिक वाजू द्या, उत्तर नाही.