थंडीत घरं घेणाऱ्यांमुळे किनाऱ्यावरची गावं जगतायत की ओस पडतायत?

गडगा:
दिवाळी उरकली की शिमग्यापर्यंत आपल्याकडे कोकणात घरं बघणाऱ्यांच्या गाड्या फिरतात. अलिबाग-नागाव परवडेना म्हणून माणसं खाली सरकली: आंजर्ले, पालशेत, वेळणेश्वर, पार वेंगुर्ल्यापर्यंत. या बाजाराने गावं ओस पडतायत असं माझं स्पष्ट मत आहे. घेतलेलं घर वर्षातले पंधरा दिवस उघडतं. गावकऱ्यांची जादाची खोली पर्यटकांसाठी राखलेली. बदलीवर आलेली नर्स किंवा बँकेतला कारकून खोली विचारायला आला की उत्तर ठरलेलं: "देऊ, पण नाताळात आठ दिवस सामान हलवावं लागेल." कोण हलवेल? मग तो चिपळूणहून एसटीने ये-जा करतो. त्याची मुलं इथल्या शाळेच्या पटावर येत नाहीत, त्याचं वाणसामान इथल्या दुकानातून जात नाही. पाहुणे ठेवा, पण एक खोली तरी बारमाही द्या.

सामाईक_सातबारा:
घराचं कुलूप घर घेणाऱ्याने लावलेलं नाही, ते आधीचंच आहे. घर विकायला निघतं तेव्हा सातबाऱ्यावर बारा-पंधरा नावं असतात. त्यातले काही मयत, वारसनोंद झालेलीच नाही, बाकीचे बोरिवली-डोंबिवलीला. आणि हिशेब करून बघा. खोली महिना 5,000 ने बारमाही दिली तर वर्षाचे 60,000. पर्यटकाला रात्रीचे 2,000 धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी 17 आठवडे, आठवड्याला दोन रात्री म्हणजे 34, नाताळच्या 6 जादा. चार महिन्यांत 80,000. मे महिना वेगळा, जेवणाचे पैसे वेगळे.

पागोळी:
80,000 हातात पडत नाहीत हो. बुकिंगचं कमिशन 15 टक्के धरलं तर 12,000 गेले. दोन रात्रींमागे एकदा चादरी-टॉवेल आणि झाडलोट, 300 प्रमाणे 20 वेळा, 6,000. एसीची वीज 4,000. राहिले 58,000, तेही एकही शनिवार रिकामा गेला नाही तर! जेवणात पैसे सुटतात हे मान्य. पण मे महिन्याच्या भरवशावर राहू नका, तेव्हा पाणी आडवं येतं. किनाऱ्यालगतच्या आगरात (नारळ-सुपारीच्या वाडीत) गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी फूटभर खाली गेली की खालचं खारं, ढोबळमानाने, चाळीस फूट वर चढतं. रहाटाने ओढायचे तोवर चाललं. आता पंप लावून चार खोल्यांच्या शॉवरला पाणी दिलं की विहीर मचूळ होते आणि शेजाऱ्याचीही होते. घर घेणारे जानेवारीत पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून 300 आकडा बघतात आणि खूश होतात. पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत चांगलं म्हणतात, पण तोच मीटर मे अखेरीस बुडवा.

चिरा_जांभा:
पाण्यासारखंच घराचं. थंडीत प्रत्येक घर देखणं दिसतं. छप्पर गळतंय का हे डिसेंबरात कळत नाही, पण खुणा असतात. कपाट पुढे ओढून भिंतीच्या तळाला लोणा (खारट पांढरा थर) फुटलाय का बघा. एकाच कोपऱ्यात ताजा रंग असेल तर का, ते विचारा. वाशाच्या टोकाला, भिंतीत शिरतो तिथे, स्क्रू-ड्रायव्हर टोचा. आत गेला तर वाळवी.

बंद घर मरतं कसं, तेही सांगतो. वानर उडी मारतं, एक मंगलोरी कौल सरकतं. घरात माणूस असेल तर तो त्याच दिवशी बांबूने सारून बसवतो. नसेल तर पावसाळाभर धार कौलांखालच्या लाकडी रिपेवर. रीप कुजली की वरची चार कौलं बसतात, मग वाशाला पाणी, दोन-तीन पावसाळ्यांत आढं वाकलेलं. पूर्वी चुलीच्या धुराने वाशे काळे व्हायचे, वाळवी जरा लांब राहायची. आता तेही नाही. वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्याला हे सगळं गणपतीत एकदम दिसतं, आणि तेव्हा गवंडी-सुतार मिळत नाही.

म्हणून तो वैतागून स्लॅब घालतो. घाटावरच्यासारखी सळीवर 20 मिमी काँक्रीट ठेवून. खाऱ्या हवेला मानकाप्रमाणे 45 लागतं. सळी फुगते, पोपडे पडतात, मग वर पत्र्याची शेड. बारमाही भाडेकरू हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त राखणदार.

सामाईक_सातबारा:
भाडेकरू न ठेवण्याचं खरं कारण कोणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहितो. एक, गणपतीला चाकरमानी भाऊ-पुतणे उतरतात, तेव्हा वीस माणसं झोपणार कुठे? दोन, बसलेला माणूस उठत नाही ही भीती. कुळकायद्यात आजोबांची जमीन गेली, ते घरोघर लक्षात आहे.

गडगा:
जमीन कसणारं कूळ आणि लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीचा राहण्याचा करार) यांची गल्लत नको. 11 महिन्यांचा करार लेखी करून नोंदवायचा, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने ती मालकाचीच जबाबदारी आहे. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, खेडेगावात नोंदणी फी 500. मुदत संपून उठला नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि जास्त राहिलेल्या दिवसांचं भाडं दुप्पट लागतं. तोंडी दिलेत तर मात्र बोंबलत बसाल. गणपतीसाठी माजघर-ओटी स्वतःकडे ठेवा, बाहेरून दार असलेली पडवीची खोली द्या.

पागोळी:
पडवीची खोली ठीक, पण संडास? तो परसात एकच, वीस पाहुणे आणि भाडेकरू रांगेत. वेगळा बांधायचा तर शोषखड्डा विहिरीपासून 18 मीटर लांब हवा. आपली आगरं म्हणजे पट्ट्या, रुंदीला पंधरा मीटर मिळताना मारामार. तुमच्या बाजूने अंतर धरलं तरी पलीकडच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून शेजाऱ्याची विहीर असते. तिचं अंतर मोजून मग खोलीची पाटी लावा.