‘की’ आधी, ‘म्हणून’ नंतर

‘म्हणून’ हे फक्त कारण सांगायला, बाकी ठिकाणी ‘की’च शुद्ध, असं वर कुणीतरी लिहिलंय. आमच्या सोलापुरात हे चालायचं नाही राव.

घरासमोरच्या किराणा दुकानात रोज ऐकतो: ‘उद्या पैसे देतो म्हणून सांगून गेला.’ मालक कन्नड, घरी तेच वाक्य ‘नाळे कोडतीनि अंत हेळिदा’. पूर्व भागात, पद्मशाली वस्तीत जा, तेलुगूत ‘येतो म्हणून सांगितलं’चं ‘वस्ताननि चेप्पाडु’ होतं. ‘अंत’ काय, त्या ‘वस्ताननि’तला शेवटचा ‘अनि’ काय, दोन्ही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंवरूनच आलेत. आपला ‘म्हणून’ही तसाच. तिघेही उपवाक्याच्या शेपटीला बसतात. संस्कृतातला ‘इति’सुद्धा तिथेच.

‘की’ची चाल उलटी. तो मुख्य क्रियापदानंतर येतो आणि उपवाक्य मागून ओढत आणतो: ‘तो म्हणाला की उद्या देतो.’ त्यामुळे ‘तो येणार म्हणून मला ठाऊक होतं’ बिनघोर चालतं, पण तिथे ‘म्हणून’च्या जागी ‘की’ ठेवून बघा, वाक्य लगेच लंगडतं. (फारसीतून आलेला पाहुणा म्हणतात त्याला. पाहुणा कसला, आता घरचाच झालाय.)

आणखी एक गंमत. ‘रामू म्हणून एक पोरगा होता’ याला कन्नडमध्ये ‘रामु अंत ओब्ब हुडुग इद्दा’. इथे कारण कुठे आहे सांगा बरं?