मुलं लहान असतानाच्या सहली : आपल्याला सगळं आठवतं, मग त्यांना का नाही?

दोनपिलांचीआई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ आहे त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी थोरली आता १९ वर्षांची आहे आणि धाकटा १५ चा. मागच्या आठवड्यात कपाट आवरताना जुनी हार्ड डिस्क सापडली, त्यात मुलं लहान असतानाच्या सगळ्या ट्रिपांचे फोटो. रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीला लावून चौघंही बघत बसलो. मला तर एकेक फोटो बघताना सगळं डोळ्यासमोर उभं राहत होतं, थोरली सव्वादोन वर्षांची असताना पहिल्यांदा समुद्रावर नेलं होतं तेव्हा तिला वाळूचीच भीती वाटली, पायाला लागली की पाय वर घ्यायची, दोन दिवस माझ्या नाहीतर ह्यांच्या गळ्यातून खाली उतरली नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चप्पल काढत होतो तेवढ्यात ही आपली एकटीच टुकुटुकु चालत पाण्याकडे निघाली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तो क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. तिला विचारलं तर म्हणते, "आई, मला समुद्र म्हटलं की शाळेची सहलच आठवते गं, हे काहीच नाही."

बरं तिला आठवतं काय? तर ती साडेसात वर्षांची असताना डोंगरावर गेलो होतो, चार दिवस पाऊस थांबला नाही, काही म्हणता काही बघून झालं नाही, आम्ही दोघं मनातून इतके खट्टू झालो होतो. ते तिला सगळं आठवतं! खोलीतल्या दोन खुर्च्यांना चादर बांधून केलेला तंबू, बाबाने हनुवटीखाली बॅटरी धरून काढलेले आवाज, खिडकीच्या गजावरून मुंग्यांची रांग चालली होती ती सुद्धा.

आणि धाकट्याची तर वेगळीच गंमत. त्याला तीन-साडेतीन वर्षांपर्यंतच्या ट्रिपा अजिबात आठवत नाहीत, पण एक गोष्ट तो ठासून सांगतो की "मी स्टेशनवर हरवलो होतो, माझ्या डोक्यावर लाल टोपी होती आणि एका हमालकाकांनी मला उचलून आणलं." ते सगळं खरंय, पण हरवली होती थोरली! साडेतीन वर्षांची होती, आणि हा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. लाल टोपीचा फोटो पण तिचाच आहे. हे सांगितलं तर त्याचा चेहरा एवढासा झाला, मलाच वाईट वाटलं.

तेव्हापासून मनात घोळतंय. ती सगळी वर्षं, बाळाचं सामान उचलून केलेले प्रवास, रात्र रात्र मांडीवर घेऊन बसणं, ते फक्त माझ्याचकडे राहिलंय का? तुमच्या मुलांना काय आठवतं? आणि जे मला आठवतंय ते त्यांच्यापर्यंत कसं पोचवायचं?

उनाडबाबा

ताई, वाचताना अंगावर काटा आला. आमच्या जुळ्या मुली आहेत, आता १३ च्या. आमच्या सगळ्या सुट्ट्या गाडीतून झाल्या आणि दोघींनाही गाडी लागायची, घाट सुरू झाला की पहिल्या चार वळणांत एक आणि पुढच्या चार वळणांत दुसरी. गंमत म्हणजे अगदी तान्ह्या होत्या तेव्हा काही त्रास नव्हता, दोन वर्षांच्या झाल्यावर सुरू झालं. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं की दोनच्या आतल्या बाळांना सहसा लागत नाही, दोन ते बारा ह्या वयात जास्त, कारण आतला कान सांगतो की आपण हलतोय आणि डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते, मेंदूला दोन वेगवेगळे निरोप जातात. मग आम्ही पुस्तकं, मोबाईल बंद केले, लांबचं बघायला लावायचो, "तो डोंगर कुठे गेला सांग", खिडकी थोडी उघडी, आणि दर तासाला थांबायचंच.

तर अशाच एका थांब्यावर, मुली पाच वर्षांच्या होत्या, एक लहान पूल होता, खाली जेमतेम पाणी. धाकटीला (सात मिनिटांनी धाकटी) बरं वाटेपर्यंत थांबू म्हणून कठड्यावर बसलो आणि दोघी दगड टाकायला लागल्या. मोठा दगड, छोटा दगड, चपटा दगड, प्रत्येकाचा आवाज कसा येतो ते ऐकायचं. दीड तास! जे बघायला निघालो होतो तिथे पोचेपर्यंत अंधार पडला, दिसलं काहीच नाही. पण माझ्या सगळ्या प्रवासांतला तो दीड तास मला सगळ्यात जवळचा आहे आणि दोघींनाही तो आठवतो, एकीला पाणी आठवतं, एकीला मी मांडीवर घेऊन पाठ चोळत होतो ते.

पण एक मनातलं सांगतो. त्याच प्रवासात दुसऱ्या दिवशी मी थोरलीवर खूप ओरडलो होतो. बुटाचा बंद स्वतः बांधायचा हट्ट करत बसली होती आणि मला उशीर होत होता, कारण माझ्याकडे वेळापत्रक होतं, अमुक वाजता तिथे, तमुक वाजता इथे. मी विसरून गेलो होतो. मागच्या वर्षी तिने सहज बोलताना सांगितलं, "बाबा, तेव्हा तुम्ही माझा हात ओढला होतात." सात वर्षं तिच्या मनात होतं ते. मी माफी मागितली, ती म्हणाली अहो बाबा काय एवढं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांना हात जोडून सांगतो, बंद बांधू द्या.

शब्दवेडी

दोनपिलांचीआई, मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि हा माझ्या आवडीचा विषय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुमची मुलं अगदी नॉर्मल आहेत. मोठ्या माणसांना साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं जवळजवळ काहीच आठवत नाही, ह्याला चाइल्डहुड अॅम्नेशिया म्हणतात. पण ह्याचा अर्थ त्या वयात स्मरणशक्तीच नसते असा नाही! तीन वर्षांचं मूल मागच्या महिन्यातल्या प्रवासाबद्दल भरभरून सांगतं की. नंतर ते पुसलं जातं. पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना ह्यांचा २०१४ चा अभ्यास आहे, ८३ मुलांचं त्यांच्या आयांशी तीन वर्षांचे असताना बोलणं रेकॉर्ड केलं, आणि मग पुढे वेगवेगळ्या वयात तेच प्रसंग विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातलं ६० टक्क्यांहून जास्त आठवत होतं आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ४० टक्क्यांहूनही कमी. म्हणजे तुमच्या थोरलीला सहाव्या वर्षी कदाचित तो समुद्र आठवत असेलही, तेव्हा कोणी विचारलं नसेल इतकंच.

दुसरं म्हणजे भाषा. न्यूझीलंडमधल्या सिमकॉक आणि हेन ह्या दोघींनी २००२ मध्ये एक सुंदर प्रयोग केला होता, दोन-तीन वर्षांच्या मुलांना एक जादूचं मशीन दाखवलं, त्यात वस्तू टाकली की ती छोटी होऊन बाहेर यायची. सहा महिन्यांनी, वर्षाने परत विचारलं. मुलांना मशीन कसं चालवायचं हे करून दाखवता येत होतं, फोटो ओळखता येत होते, पण सांगताना एकाही मुलाने असा शब्द वापरला नाही जो त्याला त्या दिवशी येत नव्हता. मधल्या काळात नवे शब्द शिकली होती तरी! हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. वाळू पायाला टोचते ह्यासाठी जिच्याकडे तेव्हा शब्दच नव्हता, तिने ते नंतर कसं सांगावं?

आणि धाकट्याला प्लीज वाईट वाटू देऊ नका, त्याने खोटं सांगितलं नाहीये. किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांचा २००२ चाच प्रयोग आहे, २० मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणचे खरे फोटो दाखवले आणि त्यात एक बनावट, ते घरच्यांबरोबर गरम हवेच्या फुग्यात बसलेत असा. दोन-तीन वेळा बोलणं झाल्यावर निम्म्या लोकांना ती कधी न झालेली सैर थोडीफार तरी "आठवायला" लागली. मग ज्या मुलाने ताईच्या हरवण्याची गोष्ट तुमच्याकडून शंभर वेळा ऐकली, लाल टोपी फोटोत बघितली, त्याला ती आपलीच वाटणार. तुम्ही गोष्ट किती जीव लावून सांगत असाल त्याचीच ही खूण आहे असं मला वाटतं.

कसं पोचवायचं ह्याबद्दल: ज्या घरात मोकळे प्रश्न विचारून गप्पा होतात ("मग काय झालं?", "तुला काय वाटलं तेव्हा?") तिथली मुलं पुढे आपल्या आठवणी जास्त भरून सांगतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. "तिथे काय होतं सांग बघू" असं परीक्षेसारखं विचारलं की मूल गप्प होतं.

नवखीआई

मी हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. आमचं मूल अडीच वर्षांचं आणि दुसरं सात महिन्यांचं आहे, पुढच्या महिन्यात पहिल्यांदा विमानाने जायचंय, आणि घरात सगळे म्हणतायत कशाला एवढा खटाटोप, त्यांच्या काही लक्षात राहणार नाही, मोठी झाल्यावर जा. खरं सांगते, शब्दवेडी ताईंचं वाचून आधी मी पण म्हटलं की बरोबरच आहे मग कशाला जायचं 😔

आजोबा६८

नवखीआई, अगं बाळ, जा तू. मुलांच्या लक्षात राहावं म्हणूनच सगळं करायचं का? त्या दिवशी ते मूल खूश होतं, ते तिथल्या तिथे पूर्ण झालं. मी उतरत्या वयात सांगतो, माझ्याकडे फिल्मचा कॅमेरा होता, एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि आठ दिवसांचा प्रवास एका रोलमध्ये बसवायचा असायचा. त्यामुळे जे खरंच महत्त्वाचं त्याचे फोटोच नाहीत. मुलगा चार वर्षांचा असताना बोटीत माझ्या छातीशी डोकं टेकून झोपला होता, त्याचे केस वाऱ्याने माझ्या नाकात जात होते आणि तो जागा होईल म्हणून मी हात हलवला नाही, मुंग्या येऊन हात बधिर झाला. फोटो नाही, मुलाला आठवत नाही, माझी पत्नी आता नाही, म्हणजे ह्या जगात ही गोष्ट फक्त मला माहीत आहे. मला त्याचं दुःख नाही, उलट ती माझी आहे असं वाटतं. आज पहिल्यांदा लिहिली.

विमान उतरताना तान्ह्याला अंगावर घे किंवा बाटली दे, गिळताना कानातला दाब मोकळा होतो. झोपलं असलं तरी उतरायच्या आधी जागं कर. मोठ्यालाही घोट घोट पाणी देत राहा.

उनाडबाबा

काका, ही गोष्ट तुमच्या मुलाला नक्की सांगा.

शब्दवेडी

नवखीआई, माझ्या लिहिण्याचा असा अर्थ निघाला असेल तर सॉरी गं, मला अजिबात तसं म्हणायचं नव्हतं. काका म्हणतात तेच. आणि एक कर, रोज रात्री झोपवताना मोठ्याला आज काय झालं ते विचार आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेव, बोबडं असेल तर बोबडं. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड केलास तर अजूनच छान. फोटोत समुद्र दिसतो पण तो समुद्राला काय म्हणाला हे फोटोत येत नाही.

दोनपिलांचीआई

सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचं वाचून मी खूप रडले.

काल रात्री धाकट्याजवळ बसले होते. त्याला आधी सांगितलं की तुझं टोपीचं खोटं नव्हतं, ताईची गोष्ट तू तुझ्यात ठेवून घेतलीस. मग विचारलं, कुठलं ठिकाण वगैरे काही नको, असंच काहीतरी आठवतं का अगदी लहानपणचं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "एक आहे पण ते काही नाहीये." म्हटलं सांग की. तर म्हणतो, "अंधार होता आणि मी बाबांच्या पोटावर पालथा झोपलो होतो आणि पोट वर-खाली होत होतं आणि खालून सारखं टडक-टडक, टडक-टडक. आणि वर एक निळा दिवा. कुठे होतं माहीत नाही."

मला माहीत आहे कुठे होतं. रात्रीची गाडी, पावसाच्या त्या ट्रिपहून आम्ही परत येत होतो, तो खालच्या बर्थवर एकटा झोपेना म्हणून ह्यांनी पोटावर घेतला होता, समोरच्या बर्थवर मी थोरलीला घेऊन जागीच होते. फोटोंवरच्या तारखा काढून बघितल्या, तीन वर्षं पाच महिन्यांचा होता. ह्यांना सांगितलं तर ते काही बोललेच नाहीत, उठून त्याच्या खोलीत जाऊन बसले.

आज एक वही आणलीये. पहिल्या पानावर त्याने सांगितलं तसंच्या तसं उतरवलंय, टडक-टडक सकट. नवखीआई, तुम्ही जाऊन आलात की इथे नक्की लिहा, मोठा समुद्राला किंवा विमानाला काय म्हणाला ते मला वाचायचंय.